आधी बिनचिठ्ठीची, मग चिठ्ठीची

आमच्या अभ्यासिकेत मोडाफिनिलला, म्हणजे झोप उडवणाऱ्या गोळीला, मोडाफिनिल म्हणणारं कुणी नव्हतं. "आहे का गं एक?" एवढंच विचारलं जायचं. नवी पेठेतली इमारत, खाली झेरॉक्स आणि चहा, पहिल्या मजल्यावर एमपीएससीवाले, वर आम्ही सीएवाले, चोवीस तास दिवे चालू. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधली उमेदवारी, संपवून मी, सांगलीची, तिथे फायनलच्या अभ्यासाला बसले होते. ग्रुप वन, म्हणजे फायनलच्या पेपरांचा पहिला गट, आधी एफआरच्या (फायनान्शियल रिपोर्टिंगच्या) पेपरामुळे हातातून गेला होता. परीक्षा पुन्हा जवळ येत होती आणि मी दिवसभर खुर्ची अडवून जेमतेम दीड-दोन तासांचा अभ्यास करत होते. बाकीचा वेळ कुठे जायचा ते मला खरंच सांगता यायचं नाही. पाणी भरायला जायचे आणि बाटली कूलरवरच ठेवून परत यायचे. मग बाटली आणायला जायचे. वाटेत कुणीतरी भेटायचं.

पहिली गोळी शेजारच्या टेबलवरच्या मुलीने दिली. तिच्या मते त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. "झोप येत नाही फक्त. अर्धी अभ्यासिका घेते."

झालंही तसंच. डोक्यात लख्ख प्रकाश वगैरे पडला नाही. दुपारच्या डब्यानंतर येणारी पेंग आली नाही, भूक लागली नाही, तोंडाला कोरड पडली आणि मी खुर्चीतून उठले नाही. त्या शेवटच्या गोष्टीचं मला इतकं अप्रूप वाटलं की संध्याकाळपर्यंत आपण नेमकं काय केलं हे पाहायचंही सुचलं नाही. पाहिलं तेव्हा समोर इंड एएस ११५ या हिशेबाच्या मानकाचा तक्ता होता. महसूल कधी आणि किती दाखवायचा त्याचे पाच टप्पे, पाच रंगांत, पट्टीने रेघा मारलेले, मथळ्यांना सावली दिलेली. लग्नपत्रिका म्हणून खपला असता. त्या मानकावरचं एकही उदाहरण सोडवलेलं नव्हतं.

पुढेही असंच होत राहिलं. ज्या कामाला हात घालीन ते सुटायचं नाही, मग ते काम फोनमधले जुने फोटो आवरण्याचं का असेना. पुढे कधीतरी एका प्रयोगाबद्दल वाचलं. २०२३ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात तो छापून आला. मेलबर्नमध्ये चाळीस निरोगी माणसांना कोडी सोडवायला दिली होती: पिशवीत ठरावीक वजन मावतं, समोर वेगवेगळ्या वजनांच्या आणि किमतींच्या वस्तू आहेत, तर जास्तीत जास्त किमतीचा माल कसा भराल? कधी मेथिलफेनिडेट हे लक्ष लागण्यासाठीचं औषध देऊन, कधी डेक्सअ‍ॅम्फेटामिन, कधी मोडाफिनिल, कधी औषध नसलेली नुसती गोळी. औषध घेतल्यावर माणसं जास्त वेळ झटत राहिली, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, पण उत्तरं सुधारली नाहीत. उलट नुसत्या गोळीवर जे सरासरीच्या वर होते, त्यातले बरेच मेथिलफेनिडेटवर सरासरीच्या खाली आले. वाचताना मला माझा पाच रंगांचा तक्ता आठवला आणि मोठ्याने हसू आलं.

अभ्यासिकेत मात्र वेगळीच पुराणं चालायची. एमपीएससीच्या मजल्यावरचा एक मुलगा जिन्यात चहा पिताना पॉल एर्डोशचं नाव घ्यायचा. एवढा मोठा गणिती, आयुष्यभर अशाच गोळ्यांवर जगला, म्हणून शेकड्यांनी शोधनिबंध लिहिले. गोष्ट खरी आहे, पण तो अर्धीच सांगायचा. एर्डोश पन्नाशी ओलांडून बराच पुढे गेल्यावर, आई गेल्यानंतरच्या नैराश्यात, डॉक्टरने दिल्यापासून अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या घ्यायला लागला. तोवर त्याचं थोरपण केव्हाच सिद्ध झालं होतं. १९७९ साली मित्राने पाचशे डॉलरची पैज लावली तेव्हा महिनाभर त्याने गोळ्या सोडून दाखवल्या, पैज जिंकली, तुझ्यामुळे गणित महिनाभर मागे पडलं असं मित्राला सुनावलं आणि पुन्हा सुरू केल्या. ज्याला जे हवं ते त्याने यातून घ्यावं. आमच्या जिन्यात कुणी एर्डोश नव्हता एवढं मात्र नक्की.

झोपेची पार वाट लागली. ही गोळी अंगातून अर्धी उतरायलाच बारा ते पंधरा तास घेते हे मला कुठे माहीत? मी ती दुपारी घ्यायचे. रात्री दोनला पलंगावर पडून पंख्याची पाती मोजायचे, सकाळी मेंदू बधिर, म्हणून पुन्हा गोळी. एकीकडे डोकं ठणकायचं, त्यासाठी वेगळी गोळी. रूमपार्टनर म्हणाली, "तू जेवतेस कधी?" तेव्हा लक्षात आलं की मेसचा रात्रीचा डबा बरेच दिवस तीच संपवत होती.

शेजारणीच्या पट्ट्या संपल्यावर मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घ्यायला लागले. पाकिटावर 'आरएक्स', म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये अशी खूण, छापलेली असूनही काउंटरवरचा मुलगा काही विचारायचा नाही. एके दिवशी काउंटरवर त्याचे वडील बसले होते.

"चिठ्ठी?"

"काका, मी नेहमी नेते इथून."

"कोण देतं?"

"तुमचा मुलगा."

"मग तो असेल तेव्हा ये. मी चिठ्ठीशिवाय देत नाही." आणि वर, "कुठली गं तू? घरी माहीत आहे?"

घरी माहीत नव्हतं. मुलगा असताना जाता आलं असतं, पण त्या 'घरी माहीत आहे?'ने मी जरा वरमले. आणि खरं सांगायचं तर एव्हाना मला वेगळीच शंका यायला लागली होती. शेजारच्या मुलीला झोप येत होती म्हणून ती गोळी घ्यायची. माझा प्रश्न झोपेचा कधी नव्हताच. मला चिठ्ठीच हवी होती, तर सरळ चिठ्ठी मिळवू, आणि तीही 'खऱ्या' गोळीची, जी लक्ष लागण्यासाठीच असते.

आधी सोपा मार्ग काढला. फोनवरून ऑनलाइन सल्ला घेतला. पलीकडच्या मानसोपचारतज्ज्ञाने वीस मिनिटं शांतपणे ऐकलं आणि मग सांगितलं की तुम्हाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही तो विकार, असेल किंवा नसेल, पण मेथिलफेनिडेट ऑनलाइन लिहून देता येत नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियंत्रणाखालची, औषधं सरळ बाद आहेत. "पुण्यात आहात ना? मग प्रत्यक्ष कुणाकडे तरी जा. आणि जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं न्या."

प्रगतिपुस्तकं! ती सांगलीला माळ्यावर, ट्रंकेत.

कर्वे रोडवरच्या डॉक्टर मॅडमकडे गेले तेव्हा माझ्या डोक्यात होतं की तासाभरात चिठ्ठी घेऊन बाहेर पडू. मॅडमनी पहिल्या भेटीत चिठ्ठी दिली ती रक्ततपासणीची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा. शिवाय ईसीजी. नाडी, रक्तदाब, घरात कुणाला हृदयाचा त्रास, कुणी तरुणपणी अचानक गेलं का. मोडाफिनिलचं सांगितलं तर रागावल्या नाहीत. अंगावर कधी पुरळ उठलं का, तोंडात फोड आले का, एवढंच विचारलं. क्वचित कुणाला त्याची जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येते म्हणे. मग विचारलं, "बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"पीसीओडीची. पाळीसाठी."

"हार्मोनची?"

"हो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मोडाफिनिलने त्या गोळ्यांचा असर कमी होतो. कुणी मुलगी गर्भ राहू नये म्हणून त्या घेत असेल तर तिला वाटतं आपण निर्धास्त आहोत, आणि ती तशी नसते. मोडाफिनिल बंद केल्यावरही महिनाभर हे चालतं. "तुमच्या अभ्यासिकेत किती मुली दोन्ही घेतात?" त्यांनी विचारलं. मला आकडा माहीत नव्हता, पण नावं आठवत होती. इतक्या दिवसांत जिन्यातल्या एकाही तज्ज्ञाने हे सांगितलं नव्हतं. बिनचिठ्ठीच्या गोळीत वाईट काय असं मला कुणी विचारलं तर मी व्यसनाबिसनाआधी हे सांगते: चिठ्ठी लिहिणारा माणूस 'बाकी काय चालू आहे' असं विचारतो.

तोवर मोडाफिनिल बंद. सलग झोप घ्यायची, वहीत झोपेची वेळ लिहायची आणि मग तपासणी. "झोप न झालेल्या माणसाची एडीएचडीची तपासणी केली तर ती सगळ्यांनाच निघते," मॅडम म्हणाल्या. पहिला आठवडा मी नुसती झोपले. अभ्यास शून्य. परीक्षेचे दिवस जवळ येत होते आणि मी भर दुपारी रूमवर घोरत होते. तपासण्यांत हिमोग्लोबिन कमी निघालं, बाकी ठीक.

मग खरी तपासणी. अठरा प्रश्नांचा एक कागद भरून द्यायचा होता, तो मी घरी विसरले. पुढच्या वेळी नेला, तर मागची बाजू भरायची राहिलेली. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलेलं मी पाहिलं. त्यानंतर लांबलचक मुलाखत. प्रत्येक लक्षण दोनदा विचारायचं, आता कसं आहे आणि लहानपणी कसं होतं. बारा वर्षांच्या आधीपासून खुणा दिसायला हव्यात, आणि एकाच ठिकाणी नव्हे, घरी, शाळेत, कामावर. नाहीतर निदान होत नाही. म्हणून आईला फोन.

आईला मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. ती आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, "वेड्याच्या डॉक्टरकडे गेलीस होय?" पण स्पीकरवर मॅडमनी "ताई" म्हणून विचारपूस केल्यावर ती अशी काही सुटली की मला तोंड लपवावंसं वाटलं. डब्याच्या झाकणांची गोष्ट निघाली. दर जूनला नवा डबा आणि दिवाळीच्या आत झाकण गायब. चौथीनंतर आईने झाकणाचा नाद सोडला आणि पोळी-भाजी फडक्यात बांधून द्यायला लागली. वहीत गणित बरोबर, पण फळ्यावरचा ३६ उतरवताना ६३. ट्रंकेतून काढलेल्या प्रगतिपुस्तकांतले शेरे तिने वाचून दाखवले. दुसरीच्या बाईंनी लिहिलं होतं, 'समजूत चांगली. वर्गात असून नसल्यासारखी.' इतकं अचूक मला कुणी पुढे वीस वर्षांत पाहिलं नाही.

"पण दहावीला तर चांगले मार्क होते?" मॅडमनी विचारलं.

"मी बसायचे ना शेजारी. शेंगा सोलत. उठली की म्हणायचे, बस खाली."

इथे मला माझ्या आयुष्याचा हिशेब लागला. दहावीला आई शेजारी. बारावीला क्लासचे सर. आर्टिकलशिपला फर्ममधले सीनियर, जे संध्याकाळी वर्किंग पेपर मागायचे. प्रत्येक वेळी कुणीतरी शेंगा सोलत बसलेलं होतं. फायनलच्या अभ्यासरजेत पहिल्यांदाच कुणी नव्हतं, आणि तिथेच गाडी रुतली. मुलींमध्ये हे उशिरा कळतं, मॅडम म्हणाल्या. वर्गात बाकावर उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही.

निदान झालं. तरी 'ती' गोळी लगेच नाहीच. आधी अ‍ॅटोमोक्सेटिन. ते उत्तेजक नाही, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि माझ्या झोपेचा इतिहास पाहता मॅडमना तिथूनच सुरुवात करायची होती. मला त्याने मळमळायचं. सकाळचा चहा समोर आला तरी पोटात ढवळायचं. ते आठवडे मी कसेबसे काढले. दरम्यान ग्रुप वनचा तो अटेम्प्ट मी सोडला, फॉर्मच भरला नाही. बाबा चिडले. शेवटी मॅडमनी मेथिलफेनिडेट लिहिलं, अगदी लहान डोस.

चिठ्ठी हातात आली आणि पुढची वरात सुरू झाली. मोडाफिनिल मला रूमपासून शंभर पावलांवर बिनचिठ्ठीचं मिळत होतं. मेथिलफेनिडेट चिठ्ठी असून मिळेना. हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. ते विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, कपाटात कुलूप लावून ठेवावं लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. एवढ्या भानगडीत पडायला बहुतेक मेडिकलवाले तयार नसतात. लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या दुकानात चिठ्ठी पाहून माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा चिठ्ठीकडे, आणि "आपल्याकडे नाही येत हे" म्हणून परत केली. दुसरीकडे परवाना होता, माल नव्हता. एका मोठ्या हॉस्पिटलजवळच्या दुकानात माल होता, पण माझ्या दुसऱ्या प्रतीवर मॅडमचा नोंदणी क्रमांकाचा शिक्का पुसट उठला होता. "स्पष्ट शिक्का आणा." पुन्हा कर्वे रोड.

ज्या माणसाचं दुखणंच कागद विसरण्याचं आहे, त्याने दर महिन्याला दोन अस्सल कागद, न चुरगळता, एका विशिष्ट दुकानात, माल संपायच्या आत न्यायचे. हे कुणी ठरवलं असेल त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल. नियमामागचं कारण मला समजतं. पण कुलूप लावलंय मेथिलफेनिडेटला आणि अभ्यासिका चालते मोडाफिनिलवर.

पट्टी मिळाली. कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एक्सआरएक्स', शेड्यूल एक्सची खूण. सकाळी नाश्ता करून पहिली घेतली. मॅडमची सक्त ताकीद होती की आधी पोटात काहीतरी घाल, नंतर भूक लागणार नाही. तासाभराने रूमपार्टनर तिच्या ऑफिसातलं काहीतरी सांगत होती. तिचं बोलणं संपलं आणि मला जाणवलं की मी ते शेवटपर्यंत ऐकलंय. मध्ये कुठे निसटले नव्हते. मोडाफिनिलवर मी टक्क जागी असायचे, हे वेगळं होतं. जागेपणात फरक नव्हता, फक्त एका वेळी एकच आवाज चालू होता. त्या दिवशी एफआरची तीन उदाहरणं सोडवली, काळ्या पेनाने, तक्ता न काढता.

हेही खरं की तीन-चार तासांत ती उतरते, आणि उतरताना मी जे कुणी समोर असेल त्याच्यावर खेकसते. दुपारचं जेवण घड्याळ लावून करावं लागतं. वजन उतरलं, मग मॅडमनी वेळा बदलल्या. आणि काय करायचं ते गोळी सांगत नाही. आधी यादी करून वही समोर ठेवली नाही तर त्याच नेटाने मी कपाट आवरते. म्हणून आता रोज सकाळी आईला व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा करते. ती तिकडे भाजी निवडते. शेंगांचं पुढचं पर्व.

अभ्यासिकेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. मला पहिली गोळी देणारी तीच मुलगी मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षेच्या, आदल्या दिवशी आली. "तुझ्याकडे खरीवाली आहे ना? एकच दे." मी नाही म्हटलं. गोळ्या महिन्याच्या मोजून मिळतात, एक दिली की माझा एक दिवस जातो, हे पहिलं कारण. दुसरं, ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातली गोष्ट आहे, देणारी मी गुन्हेगार. तिसरं मी तिला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, ते हार्मोनच्या गोळ्यांचं. तिचा चेहरा उतरला. मॅडमचा नंबर तिने घेतला, गेली की नाही माहीत नाही.

अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो की तिकडे परीक्षेच्या आठवड्यात लायब्ररीत एडीएचडीचं औषध अ‍ॅडरॉल असंच हातोहात फिरतं. आपल्याकडे ते औषध मिळतच नाही. तो ओहायोत शिकायला गेला त्याच्या आधी, मे २०२२ मध्ये, तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत बनावट अ‍ॅडरॉलच्या गोळ्यांनी दोन विद्यार्थी गेले होते. गोळ्यांत फेंटानिल हे जीवघेणं अफूसारखं औषध होतं. तेव्हापासून मामी त्याला फोनवर आधी जेवणाचं विचारते आणि मग गोळ्यांचं.

ग्रुप वन पुढच्या अटेम्प्टला निघाला. एफआरला एक्झेम्प्शन मिळण्याइतके मार्क नाही पडले, पण निघाला. ग्रुप टू बाकी आहे.

आईच्या डोक्यात मात्र त्या स्पीकरवरच्या मुलाखतीपासून वेगळंच घोळत होतं. हे घराण्यात चालतं असं मॅडमनी तिला सांगितलं होतं. "अगं, त्या विचारत होत्या ते सगळं मी ह्यांच्याबद्दल सांगत होते की काय असं मला वाटत होतं," ती म्हणाली. बाबांनी आजवर चार धंदे सुरू केलेत आणि गाडीच्या किल्ल्या रोज सकाळी अख्खं घर शोधतं. महिनाभर भुणभुण करून आईने त्यांना पुण्याला आणलं. मॅडमच्या क्लिनिकमध्ये आमचा नंबर तिसरा होता. गाडी नीट लावली का बघून येतो म्हणून बाबा खाली उतरले आणि आमचा नंबर होऊन गेल्यावर वर आले. खाली एकजण गाड्यांच्या सीट कव्हरचा धंदा करतो, तो भेटला होता.